भुलीचे औषध आणि म्हातारपणाची खिन्नता

ठाणे आणि येरवडा ही दोन नावे मराठी माणसाच्या बोलण्यात एका निराळ्याच अर्थाने येतात. कोणी जरा विचित्र वागला की ‘याला ठाण्याला पाठवा’ असे आपण हसत हसत म्हणून जातो. हैदराबादेकडे हीच थट्टा एर्रागड्डा या नावाने करतात. परंतु एर्रागड्ड्याच्या आधी तो मान आमच्या जालन्याचा होता, हे खुद्द जालनेकरांपैकीही फार थोड्यांच्या ध्यानात आहे. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण लहान पोरालासुद्धा पाठ असते. लोखंडाच्या सळया, बियाणांच्या कंपन्या आणि मोसंबीच्या बागा यांचा अभिमानही आम्ही बाळगतो. पण निजामाच्या विस्तीर्ण राज्यातील मनोरुग्णांचे इस्पितळ या गावात होते, हे सांगितले तर ऐकणारा क्षणभर अविश्वासानेच पाहतो.

मी काही वैद्य नाही. मुलांना इतिहास शिकवणारा एक शाळामास्तर आहे, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तेव्हा औषधांविषयी मी लिहावे, याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु औषधांनाही इतिहास असतो, आणि तो कधी कधी राजांच्या इतिहासाहून अधिक उद्बोधक असतो. गेली काही वर्षे केटामिन नावाच्या एका औषधाची जगभर चर्चा चालली आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्यासाठी निघालेले हे औषध आता मनाच्या खोल खिन्नतेवर, आणि विशेषतः उतारवयातील माणसांच्या खिन्नतेवर, चालेल काय याचा शोध घेतला जात आहे. या शोधाचा धागा आमच्या जिल्ह्याच्या इतिहासाशी कसा येऊन भिडतो, तेच येथे सांगावयाचे आहे.

आरंभ अर्थातच जालन्याच्या इस्पितळापासून. त्यापूर्वी हैदराबादेत वेडे ठरलेल्या माणसांची सोय तुरुंगात असे. चोर, दरोडेखोर आणि मनाचा तोल गेलेला गरीब माणूस एकाच भिंतीआड राहत. पुढे या रुग्णांसाठी वेगळी जागा झाली ती जालन्यात. हे लष्करी छावणीचे गाव, राजधानीपासून दूर असले तरी विसाव्या शतकाच्या आरंभापासून मनमाड-हैदराबाद लोहमार्गाने तिच्याशी जोडलेले. रोग्याला बरे करावे यापेक्षा त्याला दृष्टीआड करावे, हाच त्या काळातील अशा संस्थांचा सर्वत्र मुख्य हेतू असे. तो केवळ निजामाचा दोष नव्हता. लंडन-पॅरिसलाही याहून फारसे निराळे घडत नव्हते.

१९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५३ साली हे इस्पितळ जालन्याहून उचलून हैदराबाद शहराच्या कडेला एर्रागड्डा येथे नेण्यात आले. आणि तीनच वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यांची पुनर्रचना होऊन मराठवाडा मुंबई राज्यात आला. इस्पितळ तिकडे राहिले आणि आम्ही इकडे आलो! महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, रत्नागिरी व नागपूर अशी चार मोठी मनोरुग्णालये होती. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले एकही नव्हते. जालन्यात ३६५ खाटांचे प्रादेशिक मनोरुग्णालय उभारण्यास शासनाने मंजुरी दिली, ती या शतकाच्या तिसऱ्या दशकात. म्हणजे जे जालन्यातून १९५३ साली गेले, ते परत येण्याचा नुसता निर्णय व्हायला जवळजवळ सत्तर वर्षे लागली.

आता भुलीकडे वळू. कारण हैदराबाद संस्थानाचा भुलीच्या इतिहासाशीही मोठा संबंध आहे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रक्रियेपूर्वी क्लोरोफॉर्म हुंगवीत. त्याने वेदना जात, पण एखादा रोगी अचानक दगावेही. हा मृत्यू श्वास थांबल्याने येतो की हृदय थांबल्याने, यावर वैद्यांत कडाक्याचा वाद होता. हैदराबादच्या रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी यांनी १८८८ साली या प्रश्नासाठी एक चौकशी मंडळ नेमवून प्राण्यांवर प्रयोग केले. इंग्लंडमधील डॉक्टरांना निष्कर्ष पटेनात, तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी १००० पौंड देऊन लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला आपला प्रतिनिधी पाठविण्यास सांगितले. १८८९ साली लॉडर ब्रंटन हे नामांकित वैद्य त्यासाठी हैदराबादेत आले. दुसऱ्याही मंडळाचा निर्णय लॉरींच्याच बाजूचा झाला: श्वासावर नजर ठेवा, हृदयाची काळजी नको. पुढे १९११ च्या सुमारास लेव्ही या संशोधकाने दाखवून दिले की क्लोरोफॉर्मने हृदयाचा ताल बिघडून खरोखरच मृत्यू येतो. एवढा खर्च, एवढे प्रयोग, एवढी खात्री. आणि निर्णय मात्र अर्धाच खरा. श्वासावर नजर ठेवा हे बरोबर होते, हृदयाकडे पाहू नका हे चूक होते. भुलीच्या औषधाबद्दल कोणी फार ठामपणे बोलू लागला की मला हे हैदराबादचे मंडळ आठवते.

मनाच्या औषधांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. यांतली पुष्कळशी औषधे मनासाठी म्हणून शोधलीच गेली नव्हती. ती दुसऱ्याच कामाला निघाली आणि मागच्या दाराने या घरात शिरली. आपल्या सर्पगंधेचेच उदाहरण घ्या. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडाच्या झटक्यांवर आणि रक्तदाबावर तिचा गुण नोंदविला. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जल वकील यांनी रक्तदाबावरील तिचा आपला अनुभव एका इंग्लिश नियतकालिकात मांडला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. तिच्यातून निघालेले रिसर्पिन अमेरिकेतील मनोरुग्णालयांत पोचले. पण रक्तदाबासाठी ते घेणाऱ्या काही रोग्यांना उलट खिन्नतेनेच घेरल्याच्या नोंदीही होऊ लागल्या. फ्रान्समध्ये आंरी लाबोरी हे लष्करी सर्जन शस्त्रक्रियेचा धक्का कमी करणारे औषध शोधीत होते. त्यातून क्लोरप्रोमाझिन पुढे आले आणि १९५२ साली पॅरिसच्या मनोरुग्णालयात त्याने इतिहास घडविला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमधल्या एका क्षय-इस्पितळात इप्रोनायझिड हे नवे औषध घेणारे रोगी एकाएकी उल्हसित दिसू लागले, आणि खिन्नतेवरच्या पहिल्या गोळ्यांपैकी एक त्यातून जन्माला आली. या गोळ्यांची पुढची भावंडे आजही कोट्यवधी लोक घेतात. त्यांचा एकच दोष रोग्याच्या जिवावर बेततो: गुण यायला दोन-चार आठवडे, कधी त्याहून अधिक दिवस लागतात. ज्याने अन्नपाणी सोडले आहे, ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार घोळत आहेत, त्याला हे दिवस काढायचे कसे?

केटामिनचा जन्मही असाच, निराळ्या हेतूने झालेला. अमेरिकेतील डेट्रॉइटच्या पार्क-डेव्हिस या औषध कंपनीने १९५६ साली फेन्सायक्लिडिन नावाचे एक द्रव्य तयार केले होते. भूल उत्तम येई, पण शुद्धीवर येताना रोगी तासन्‌तास बरळत. त्याची सौम्य आवृत्ती शोधता शोधता कॅल्व्हिन स्टीव्हन्स या रसायनशास्त्रज्ञाने १९६२ साली केटामिन बनविले. १९६४ च्या ऑगस्टमध्ये एडवर्ड डोमिनो आणि गुंटर कॉर्सेन या डॉक्टरांनी ते प्रथम माणसांना दिले. कोणाला? मिशिगनच्या जॅक्सन येथील तुरुंगातल्या, प्रयोगास तयार झालेल्या कैद्यांना. मनोरुग्ण आणि कैदी यांना एकाच रांगेत बसविण्याची जगाची खोड एवढ्यात सुटणारी नव्हती. त्या कैद्यांनी सांगितले की आपण अधांतरी तरंगत होतो आणि हातपाय आपले नव्हतेच. या अवस्थेला काय म्हणावे असा प्रश्न डोमिनोंना पडला. तेव्हा त्यांच्या पत्नीने सुचविलेले नाव रूढ झाले. त्याचा अर्थ मराठीत सांगायचा तर ‘देहाशी असलेली मनाची गाठ सुटलेली भूल’.

१९७० साली अमेरिकेत या औषधाला परवानगी मिळाली आणि व्हिएतनामच्या युद्धात जखमी सैनिकांसाठी ते वापरात आले. याची खुबी अशी की नेहमीच्या मात्रेत श्वास सहसा चालू राहतो आणि रक्तदाब पडत नाही, उलट थोडा चढतो. त्यामुळे जेथे यंत्रे कमी आणि भूलतज्ज्ञ दुर्मीळ, तेथे हे औषध देवासारखे धावून आले. १९८५ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. आपल्याकडील तालुक्या-तालुक्यांतल्या शस्त्रक्रियागृहांना ते चांगले परिचयाचे आहे. कित्येक बायाबापड्यांच्या शस्त्रक्रिया, कित्येक मोडलेली हाडे याच भुलीवर निभावली. म्हणजे ज्या औषधाला आज जग नवल म्हणून पाहते, त्याची कुपी आमच्यासारख्या भागात केव्हाची येऊन बसलेली आहे.

नवल घडले ते २००० साली. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी खिन्नतेच्या सात रुग्णांवरील एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध केला. भुलीपेक्षा कितीतरी कमी मात्रा, शिरेतून सावकाश चाळीस मिनिटे. आणि काही तासांत मनावरचे मळभ हटू लागले, ते तीन दिवस हटत राहिले. २००६ साली तिकडच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने हा प्रयोग गोळ्यांना दाद न देणाऱ्या रुग्णांवर करून पाहिला. दुसऱ्याच दिवशी शंभरात ७१ जणांना स्पष्ट गुण आला. मात्र आठवडाभर तो टिकला शंभरात ३५ जणांचा. या दोन आकड्यांत औषधाचा गुण आणि त्याची मर्यादा दोन्ही आल्या. जुन्या गोळ्या मेंदूतील सिरोटोनिनसारख्या द्रव्यांवर काम करतात. केटामिन ग्लुटामेट या दुसऱ्याच संदेशवाहकाच्या वाटेवर काम करते, आणि त्यामुळे मज्जापेशींमधील विरळ झालेले धागेदोरे पुन्हा जुळू लागतात असा तर्क आहे. २०१९ च्या मार्चमध्ये याच औषधाचा एक भाऊबंद, एस्केटामिन, नाकात फवारण्याच्या रूपात अमेरिकेत मान्य झाला. परंतु घरी नेऊन घेण्याची त्याला मुभा नाही. दवाखान्यातच घ्यायचे, पुढे निदान दोन तास तेथेच देखरेखीखाली बसायचे, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गाडी चालवायची नाही, असा नियम आहे. हैदराबादच्या मंडळाने अर्धाच सांगितलेला धडा येथे पुरा झाला म्हणायचा.

आणि म्हाताऱ्या माणसांचे काय? नव्या औषधांच्या बहुतेक परीक्षा तरुण आणि मध्यमवयीन माणसांवर होतात. म्हाताऱ्याचा रक्तदाब, मधुमेह, हृदय, आणि चार डॉक्टरांच्या आठ गोळ्या हा गुंता संशोधकांना नकोसा वाटतो. तरी काही प्रयत्न झाले. २०१७ साली ऑस्ट्रेलियात साठीच्या पुढच्या सोळा जणांना कातडीखाली केटामिन टोचून मात्रा हळूहळू वाढवीत नेली. पुष्कळांना बरे वाटले, आणि त्यांनी ते सोसलेही. २०२० साली एस्केटामिनची मोठी परीक्षा प्रसिद्ध झाली, पासष्टीच्या पुढच्या १३८ जणांवरची. तिच्यात फवारा घेणाऱ्यांची बाजू थोडी वरचढ दिसली, पण हा फरक योगायोगाचा नव्हे असे छातीठोकपणे म्हणण्याइतकी नाही. आणि पंचाहत्तरीच्या अलीकडच्यांना पलीकडच्यांपेक्षा अधिक गुण आला. २०२२ साली स्वीडनमध्ये केटामिनची तुलना विजेच्या उपचाराशी झाली. विजेने शंभरात ६३ रुग्णांचा आजार शमला, केटामिनने ४६ जणांचा; आणि वयस्कांत वीजच अधिक सरस ठरली. उलट २०२३ साली अमेरिकेतील परीक्षेत केटामिनने ५५ टक्के रुग्णांना गुण दिला तर विजेने ४१ टक्क्यांना. पण तीत भ्रम-भास असलेले रुग्ण घेतलेलेच नव्हते. विजेचा उपचार म्हटले की आपल्याकडे अंगावर काटा येतो. तो बिनभुलीने देण्याच्या जुन्या रीतीने ही भीती रुजली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ती रीत बंद केली. योग्य भूल देऊन केलेला हा उपचार म्हाताऱ्या माणसाच्या तीव्र खिन्नतेवर आजही मोठा आधार आहे, हे सांगितलेच पाहिजे.

केटामिनचे धोकेही झाकून ठेवण्यात अर्थ नाही. रक्तदाब चढतो, ज्याचे हृदय आधीच थकले आहे त्याला हे जोखमीचे. घटकाभर डोके गरगरते, भास होतात. म्हातारा माणूस तेवढ्यात उठून पडला तर खुब्याचे हाड जायचे. वारंवार आणि भरमसाट घेतले तर मूत्राशय खराब होते, स्मरणावर परिणाम होतो. शिवाय नशेसाठी याचा चोरटा व्यापार चालतो. म्हणूनच २०११ साली आपल्या सरकारने त्याला अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले आणि २०१३ साली औषधांच्या सर्वांत कडक अनुसूचीत घातले. तेव्हा हे कोणी आपल्या अकलेने आणून देण्याचे औषध नव्हे.

एवढे सगळे सांगून झाल्यावर मी आमच्या खेड्याकडे पाहतो, आणि मला निराळीच चिंता वाटते. दिवाळी आटोपली की अंबड, घनसावंगी, मंठ्याकडच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरवर भांडीकुंडी चढतात, धाकटी लेकरे चढतात, आणि गावात मागे राहतात ती म्हातारी माणसे, एखादी शेळी आणि कुलपे. चार-पाच महिने बोलायला माणूस नाही. या काळात कोणी म्हातारी म्हणते, “करमंना.” कोणी म्हणतो, “जीवच लागंना कशात.” बहुतेकजण तेही म्हणत नाहीत. ते म्हणतात, अंग गळाल्यावानी झालंय, छातीत धडधडतंय, भूक मेली, झोप येईना. आणि आम्ही शिकलेसवरलेले काय उत्तर देतो? “आबा, आता वय झालं.”

आमच्याच गल्लीतले एक आबा मला आठवतात. पारावर रोज येणारा माणूस हळूहळू यायचा थांबला. मग जेवण निम्म्यावर आले. मग हाताने लावलेल्या लिंबाला पाणी घालणेही सुटले. मुले त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. रक्त तपासले, दाब मोजला, दोन सलाइन लावली. सगळे ठीक निघाले. “आबा, मन कसं आहे?” एवढे मात्र कोणी विचारले नाही, डॉक्टरांनी नाही, मुलांनी नाही, आम्ही शेजाऱ्यांनीही नाही. पुढचा पाडवा त्यांनी पाहिला नाही. त्यांना खिन्नतेचाच आजार होता असे मी म्हणू शकत नाही. पण तो नव्हता, असे तरी कोण म्हणू शकेल?

हा प्रश्न विचारायला मोठी विद्या लागत नाही. अमेरिकेतील काही मानसतज्ज्ञांनी १९८० नंतरच्या वर्षांत म्हाताऱ्या माणसांसाठी म्हणून एक प्रश्नावली केली. प्रथम तीस प्रश्नांची, मग पंधरांची. उत्तर नुसते हो किंवा नाही. तिच्यात भूक आणि झोप यांचे प्रश्न मुद्दाम टाळले आहेत, कारण ती वयानेही कमी होतात. रोजच्या गोष्टींतला रस गेला का, घरातून बाहेर पडावेसे वाटते का, पुढे काही आशा दिसते का, असेच साधे प्रश्न. गावातली आशाताई किंवा शाळेतला मास्तरही ते विचारू शकेल. रोगाचे निदान त्याने करायचे नाही; पण दार ठोठवायला काय हरकत आहे? १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सरकारी मानस दूरध्वनी सेवाही आहे. जिल्हा रुग्णालयात मनोविकाराचा विभाग असतो. साध्या गोळ्यांनीच पुष्कळांना बरे वाटते. केटामिनपर्यंत किंवा विजेपर्यंत जाण्याची वेळ थोड्यांवरच येते.

इतिहासाच्या मास्तराला या साऱ्यातून एक गोष्ट दिसते. निजामाच्या काळी जालन्याच्या त्या भिंतींआड जे गेले, त्यांना निदान आजारी तरी मानले गेले होते. उपचार नसेल, पण आजाराला नाव होते. घरच्या ओसरीवर मुकाट बसलेल्या म्हाताऱ्याला तेवढेही मिळाले नाही. त्याच्या दुःखाचे नाव ‘वय’ असे ठेवून आपण मोकळे झालो. १९५३ साली इस्पितळ गेले, आता ते परत येऊ घातले आहे. भुलीच्या औषधाचा नवा गुण हाती लागला आहे, उद्या आणखी चांगली औषधे येतील. औषधाला डेट्रॉइटहून आमच्या तालुक्याच्या गावी पोचायला वीस-पंचवीस वर्षांहून अधिक लागली नाहीत. पारावरून उठून आबांच्या ओसरीपर्यंत जायचे अंतर त्याहून पुष्कळ कमी आहे. आणि ते अद्याप कोणी चाललेले नाही. या दिवाळीला टोळ्या निघण्यापूर्वी, फराळाचे ताट पुढे ठेवताना, घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ घटकाभर बसून तेवढे विचारावे. उत्तर यायला वेळ लागला, तर थांबावे.